सत्तावीस नंबरचं उत्तर

धुळे, ९ फेब्रुवारी २०२५

सुयश,

जयभीम. त्यापुढे ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ लिहायचे असतात, पण दोन वर्षांनी ते तुला आयते मिळणार नाहीत. फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघून सोडून देतोस. म्हणून तुझ्या पुस्तकात विभागाचा पत्ता छापलाय तिथे हे पाठवते आहे. तिकडच्या शिपायानं टेबलावर आणून ठेवलं की निदान पाकीट तरी तुझ्या नजरेला पडेल.

पाकीट धुळ्यातून टाकते आहे. साक्षी इथे कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला भेटायच्या निमित्तानं आले. तुझी भाची केवढी झाली हे तुला ठाऊक नसेल. गावच्या पोस्टात अमेरिकेचं पाकीट दिलं असतं तर मी घरी पोचायच्या आत केळीवाल्या प्रेमराज आप्पांच्या ओट्यावर कळलं असतं. फोनवर तर मी आता कामाचं काही लिहीतच नाही, त्याचे फोटो होऊन फिरतात.

तुझं पुस्तक साक्षीनं मिळवून दिलं. डिक्शनरी जवळ घेऊन दीड महिना वाचलं. पहिली सहा प्रकरणं तुझ्या त्या सरोवराकाठच्या शहराची. काळ्या लोकांची वस्ती कुठे चिरायची, स्पॅनिश बोलणाऱ्यांची कुणाला जोडायची आणि मतं पडायच्या आधीच नकाशावर निकाल कसा लावून टाकायचा, हे तू फार सोपं करून लिहिलंस. आठवीच्या मुलांना शिकवता येईल. लहानपणी तुझ्या निबंधाला मी दहापैकी सहा द्यायचे आणि तू रडायचास. या सहा प्रकरणांना आठ देते.

सातवं प्रकरण आपलं. गावाला तू केळीपूर म्हटलंस. सावद्यापासून अकरा किलोमीटर, केळीचं कोल्ड स्टोरेज, नवी नगरपंचायत, बौद्धांची चाळीस घरांची एक गल्ली आणि त्या गल्लीच्या मधून गेलेली प्रभागाची सीमा. वीस घरं पाच नंबरच्या प्रभागात, वीस सहाच्या, म्हणजे दोन्हीकडे आपली मतं मिठाएवढी. एवढं सगळं लिहून नाव तेवढं बदलायचं, याला काय म्हणावं? ज्याला कळायचं त्याला कळलं.

पण तक्रार ती नाही. चाळीस घरांना तू एक ते चाळीस नंबर दिलेस, माणसांची नावं घातली नाहीस. तुझ्या विद्यापीठाच्या समितीनं ते तपासून मंजूर केलं असं प्रस्तावनेत आहे. समितीतल्या कुणी आपली जयंतीची मिरवणूक पाहिलेली नसणार. तू रेकॉर्डर घेऊन निघालास तो विहारापासून, डावीकडून पाण्याच्या टाकीला वळसा, मग मागची बोळ, मग परत पुढे, आणि शेवट संघपालच्या दाराशी. लहानपणापासून त्याच वाटेनं नाचलास, तुझ्या पायांना गल्लीतली दुसरी वाट ठाऊकच नाही. मिरवणुकीत कुणाच्या दारी कधी पाणी घेऊन उभं राहायचं हे आपल्या बायकांना झोपेतही सांगता येईल. त्यांना तुझे नंबर म्हणजे नावंच.

आबांचं घर सत्तावीस. सत्तावीसपुढे तू लिहिलंस: ‘उत्तर देण्यास नकार.’ बरोबर आहे. त्या दिवशी तुझं यंत्र मी बंद केलं आणि तुला घराबाहेर काढलं. आबांच्या मातीला तू आला नाहीस आणि आठ महिन्यांनी यंत्र घेऊन आलास, याचा तो राग होता असं तू समजलास. तसंच समज.

चौदा नंबरचं म्हणणं मात्र तू दीड पान छापलंस. तुझं इंग्रजी परत मराठीत आणते, चुकलं तर सांग. ‘प्रभागाचा नकाशा व्यापाऱ्याच्या घरी खाटेवर पसरला होता. आमच्यातलंच एक माणूस एकेका घरावर बोट ठेवून सांगत होतं, हे याचं, ते त्याचं, इथं इतकी मतं. मी तिथेच होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.’

व्यापारी म्हणजे कोण हे गावात कुणाला विचारावं लागणार नाही. प्रेमराज आप्पांना जळगावच्या एका प्राध्यापकानं ते दीड पान मराठी करून दिलंय. निवडणूक आज ना उद्या लागेल. संघपाल सीमेविरुद्ध कोर्टात जायचं म्हणतो, आणि कोर्टात उभं राहू शकेल असं एकच माणूस आहे, तुझा चौदा नंबर.

तीन वर्षांपूर्वी त्या सीमेवर गल्लीतल्या पितांबरनं हरकत घेतली होती हे तू पुस्तकात लिहिलंस. तीन आठवड्यांनी सावद्याच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल केळीच्या ट्रकखाली गेली हे लिहिलं नाहीस. अपघातच होता. सगळे तसंच म्हणाले, मीही म्हणाले.

तुला एकच काम सांगते. तुझ्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर दोन ओळी टाक, की चौदा नंबर हे एक माणूस नाही, चारपाच जणांचं बोलणं तिथे एकत्र केलंय. बाकी काही नको.

दीपमाला

धुळे, २ मार्च २०२५

सुयश,

उत्तर नाही. पत्राला पोचायला पंधरा दिवस लागतात म्हणे, म्हणून अजून रागावत नाही.

मागच्या रविवारी विहारात तुझा सत्कार झाला. तू नव्हतास, तुझा फोटो होता. ‘खान्देशच्या सुपुत्राचं पुस्तक अमेरिकेत’ अशी पेपरात बातमी आली, मग गल्ली थांबते होय? संघपाल आता जयंती समितीचा अध्यक्ष आहे. त्यानं जळगावहून फ्लेक्स करून आणला. तुझा फोटो मोठा आणि आबांचा कोपऱ्यात. दीपनगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं फिटर राहून आबांनी तुला कॉलेजपर्यंत आणलं, तुझी शिष्यवृत्ती लागली तेव्हा कॉलनीत पेढे वाटले, ते कोपऱ्यातही हसतच होते.

आप्पा आले होते. आपल्या गल्लीत त्यांचं पाऊल मी पहिल्यांदा पाहिलं. खुर्ची दिली तर बसले नाहीत, उभ्यानं सगळी भाषणं ऐकली. त्यांचा उजवा हात कायम पाठीमागे असतो आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो. केळीचे घड मोजायची जुनी सवय आहे ती. घड नसले तरी हात मोजतोच.

संघपाल भाषणाला उभा राहिला. पोरगा भोळा आहे, आणि तुझा भक्त. माईक हातात आला आणि म्हणाला, “लोक विचारतात सरांनी सर्व्हे कसा केला. सर कुठल्या गाडीत नाही फिरले. आपल्या जयंतीची मिरवणूक जशी जाते ना, त्याच मार्गानं एकेक घर घेत गेले. पहिल्या घरापासून चाळीसाव्यापर्यंत. याला म्हणतात मातीशी नातं.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आप्पांचा अंगठा थांबला होता.

निघताना त्यांनी संघपालच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “यंदा जयंतीला आम्हाला बोलावणार का नाही, अध्यक्ष?” संघपालला किती आनंद झाला म्हणून सांगू. पुढारी आपणहून मिरवणुकीत येतो म्हणतोय. तो मला सांगत होता, “ताई, आप्पा पूर्ण चालणार आहेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.”

तुला वाटेल, आप्पांनी सरळ कुणाला तरी विचारावं की चौदावं घर कुणाचं. तू तिकडे राहून विसरलास. ज्या प्रश्नाची उद्या कुणाला आठवण राहील तो प्रश्न आप्पा विचारत नाहीत. ते नुसते बघतात. गल्ली अशी वेडीवाकडी आहे की नुसतं येऊन मोजलं तर घरं लागत नाहीत. मिरवणुकीबरोबर चाललं तरच लागतात.

नकाशापुढे बसलेलं ते आपलं माणूस कोण, याचीही गल्लीत चर्चा आहे. बहुतेक जण पितांबरचं नाव घेतात. आधी यादी घेऊन आप्पांकडे बसला, मग उलटला, म्हणून त्याचं तसं झालं, असं बोलतात. त्याच्या आईनं सत्काराला येणंही टाळलं.

त्या दोन ओळी लवकर टाक.

दीपमाला

जळगाव, १६ मार्च २०२५

सुयश,

शिक्षकांचं प्रशिक्षण होतं म्हणून जळगावला आले, इथूनच टाकते.

बुधवारी आप्पा शाळेत आले. मुलांना वह्या वाटायच्या होत्या. वाटून झाल्या, फोटो झाले, मग माझ्या वर्गात येऊन फळ्याजवळ उभे राहिले. फळ्यावर मी गावाचा नकाशा काढला होता. चौथीला असतो, उत्तर कुठे, दक्षिण कुठे. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“मॅडम, नकाशा छान काढता तुम्ही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “अभ्यासक्रमात आहे.”

“भाऊंचं पुस्तक वाचलं मी. म्हणजे वाचून घेतलं. हुशार माणूस. तिकडे गोऱ्या-काळ्यांचं भांडण आहे, त्यांनी ते इकडं आणून लावलं, एवढंच आपलं म्हणणं.” मग खडू उचलून परत ठेवला. “चौदा नंबर कोण असंल, काही अंदाज?”

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. भाऊ माझ्याशी बोलत नाही. हे दुसरं वाक्य खरं होतं, त्यामुळे पहिलंही तोंडातून नीट बाहेर पडलं.

“तुमच्याकडं आला होता ना तो, यंत्र घेऊन?”

“आला होता.”

“मंग तुमचा नंबर कितवा?”

सुयश, माझ्या जिभेवर सत्तावीस आलं होतं. दातापर्यंत आलं होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं उठली. आप्पा हसले, “असू द्या, जयंतीला भेटूच,” म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशी केळीचा एक रिकामा ट्रक उभा असतो. हंगामात ट्रक असतातच. पहाटे आपल्या बायका पॅकिंगच्या कामाला सावद्याच्या रस्त्यानं चालत निघतात, त्यांना त्याला वळसा घालून जावं लागतं.

चौदा नंबर म्हणजे द्रौपदाअक्का हे तुला मी सांगायला नको. पासष्ट वर्षांची बाई, नवरा नाही, लेक सुरतेला. आप्पांच्या अंगणात झाडायला जाते आणि नंतर केळी पुसायला. तुला तिनं दीड पान सांगितलं. मला वाटतं, तिच्या आयुष्यात तिला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं असेल.

मी तुझ्याकडे फक्त दोन ओळी मागितल्या आहेत.

दीपमाला

धुळे, ३० मार्च २०२५

सुयश,

साक्षीच्या ईमेलवर तुझं उत्तर आलं. साडेतीन ओळी. मी त्या तिच्याकडून दोनदा वाचून घेतल्या. सर्वांची ओळख नियमानुसार गुप्त ठेवली आहे, चौदा क्रमांक ही एकच व्यक्ती आहे, तसं नसल्याचं लिहिणं खोटं ठरेल, आणि असं एक खोटं सापडलं तर पंधरा वर्षांच्या कामावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ताईला सांग काळजी करू नकोस.

तुझं बरोबर आहे. कागदावर सगळं बरोबर आहे. तुला आठवतं, तुझी नोकरी कायम झाली तेव्हा तू आबांना एक नकाशा पाठवला होतास? एक प्रभाग, पालीसारखा लांब, शेपूट रेल्वेच्या रुळापर्यंत गेलेलं. आबांनी तो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला. येईल त्याला सांगायचे, “माझ्या पोऱ्यानं हे पकडलं.” अर्धं अंग गेल्यावरही खाटेवरून त्याच नकाशाकडे बघत पडायचे.

तेव्हा एकदा व्हिडिओवर तू त्यांना समजावत होतास. फोन मी धरला होता. तू सांगितलंस, की नुसत्या आकड्यांवर नकाशा काढता येत नाही. त्या शहरात पक्षवाले प्रत्येक गल्लीत आपलं एक माणूस ठेवायचे, गल्लीतलंच, ज्याला घर न् घर माहीत. त्याला तिकडे कॅप्टन म्हणत. आबा हसले, तोंड वाकडं झालं होतं तरी हसले, आणि म्हणाले, “मग आपल्या गल्लीचा कॅप्टन कोण रे?”

मी म्हटलं, हात दुखतो, फोन ठेवते. फोन ठेवला. ती २०२२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट.

ट्रक अजून उभा आहे. कालपासून त्यात कुणीतरी झोपलेलं असतं.

दीपमाला

गावाहून, १० एप्रिल २०२५

सुयश,

हे पत्र मी अजून टाकलेलं नाही. साक्षी सुट्टीला आली आहे, जाताना तिच्या हाती देणार.

शाळेत आप्पा आणखी एक वाक्य बोलले होते. ते मी तुला लिहिलं नाही. दारातून परत वळून, अगदी हळू म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी खोलीत आपण चौघंच होतो.”

चौघं म्हणजे आप्पा, त्यांचा मुलगा, नकाशा काढणारा माणूस, आणि मी.

आता सगळंच लिहिते. मतदारयादीचं काम दर वेळी शिक्षकांच्याच गळ्यात पडतं, बदली होण्याआधी आपल्या गल्लीची यादी माझ्याकडे होती. घरोघर जाऊन नावं मी तपासली होती. यादी तर कुणालाही मिळते, पण यादीत गल्ली दिसत नाही. कुठल्या भिंतीपलीकडे कोण राहतं आणि कुणाची मतं एकत्र पडतात, ते कुणीतरी बोटानं दाखवावं लागतं. मी दाखवलं. एकेका घरावर बोट ठेवलं. आबांच्या घरावरही ठेवलं. कॅप्टन मी होते.

मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी होते हे तू विसरला असशील. चोपड्याच्या पलीकडे, एका पाड्यावरची शाळा, जायला दोन बस आणि मग चालणं. इकडे आबा खाटेवर. साक्षीचा बाप अभिमन दीपनगरला, त्याच्या शिफ्ट. शेजारणी आबांचं करायच्या, आणि आबांना त्याची लाज वाटायची. आप्पा म्हणाले, गावच्या शाळेत प्रतिनियुक्ती करून देतो, तुम्ही फक्त एक संध्याकाळ या. मार्चमध्ये ऑर्डर निघाली. मेमध्ये आबा गेले. मला त्यांच्यापाशी दोन महिने आठ दिवस मिळाले, सुयश. त्यातलं तुझ्या वाट्याचंही मीच केलं. त्यामुळे तू यंत्र पुढे धरून विचारलंस, “ताई, घरं कुणी दाखवली असतील?” तेव्हा मला तुझ्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि माझ्याही.

पितांबरचं नाव मी घेतलं नाही. लोक घेत होते, मी ते घेऊ दिलं. तीन वर्षं त्याची आई माझ्यासमोरून खाली मान घालून जाते. याला अपघात म्हणता येत नाही.

सोमवारी द्रौपदाअक्काकडे गेले. तिला सांगायचं होतं की काही दिवस लेकाकडे सुरतेला जा. ती भाकरी थापत होती. चाळीस वर्षांपूर्वी धुळ्याकडून सून म्हणून आली, अजून बोली सोडली नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “माले ठाऊक शे, तू काय सांगाले उनी ते.”

मी म्हटलं, “अक्का, तुला धोका आहे.”

“आप्पा माले देखत नही. पंधरा साल झाडस मी तेनं आंगन, माले कधी देखं नही त्यानी.” मग तव्यावरची भाकरी उलटवून म्हणाली, “त्या दिन तू चष्मा पुसत व्हतीस घडीघडी.”

तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

“सुयशले मी सांगं, आमनंच माणूस व्हतं. नाव नको इचारू, दादा. तेना घरमा बी चूल पेटस.” आणि नंतर, माझ्याकडे न बघता, “तुना बाप शेवटले पोरना हातनं पाणी पिसन गया. ते बठ्ठासनी देखं.”

पोर म्हणजे मी, बठ्ठा म्हणजे सगळी गल्ली. तिनं माझं नाव तुझ्यापासून लपवलं, तुझ्या समितीपेक्षा चांगलं लपवलं. आणि मी दोन महिने तुला पत्रं लिहून तिच्या जिवाची काळजी करते आहे आणि स्वतःचं नाव खिशात ठेवते आहे. सुरतेला जायला ती तयार नाही. लेकाकडे एकच खोली आहे म्हणाली.

आप्पांना संशय माझाच आहे. नंबर मोजून ते फक्त खात्री करणार. मिरवणुकीत चौदाव्या दाराशी अक्का दिसली की मी सुटले. मग त्यांना आठवेल की त्या दिवशी अंगणात कुणीतरी झाडत होतं. मला काहीच करावं लागणार नाही. नुसतं दारात पाणी घेऊन उभं राहायचं, दर वर्षीसारखं.

पण मी एक केलं. परवा जयंतीच्या बैठकीत बोलले. म्हटलं, परवान्याची वेळ संपली की स्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे शेवटच्या घरांपर्यंत मिरवणूक येते ती मुकी. दर वर्षी त्याच घरांवर अन्याय का? यंदा उलटी काढा, संघपालच्या दारापासून सुरू करून विहारापाशी संपवा. मागच्या बोळीतल्या बायकांनी आधी टाळ्या वाजवल्या. संघपाल म्हणाला, “ताई, हे आम्हाला सुचलं कसं नाही इतकी वर्षं?”

गणितात तू हुशार होतास. चाळीस घरं आहेत. उलटं मोजलं तर चौदावं कुणाचं येतं, बघ.

ताई

१४ एप्रिल २०२५, दुपार

सुयश,

सकाळी वंदना झाली, ध्वज झाला. अभिमनला मी दीपनगरहून बोलावलं नाही, ड्युटी आहे असं लोकांना सांगितलं. साक्षीची बॅग भरून ठेवली आहे. मिरवणूक आपल्या दारावरून गेली की ती धुळ्याची बस धरेल. तिला अजून काही ठाऊक नाही.

पाकिटात आणखी एक कागद आहे, त्याची एक प्रत बंद पाकिटात साक्षीच्या बॅगेत, एक संघपालसाठी. त्यात मी कुणाच्या घरी, कुठल्या तारखेला, कुणासमोर घरं दाखवली ते लिहून सही केली आहे. पितांबर त्या खोलीत कधी आला नव्हता हेही लिहिलं आहे. कोर्टाला साक्षीदार हवा आहे ना? जिनं पाहिलं तिच्यापेक्षा जिनं केलं तिचा उपयोग जास्त, असं साक्षीच्या पुस्तकात आहे. नोकरी जाईल. गल्ली काय करेल ते ठाऊक नाही. पितांबरच्या आईच्या दारी आज संध्याकाळी मी स्वतः जाणार आहे, त्याची मला आप्पांपेक्षा जास्त भीती वाटते.

उद्या कुणीतरी आप्पांना सांगेलही की यंदा मिरवणूक उलटी निघाली होती. पण त्यांना हवं तेच उत्तर मिळालेलं असेल, आणि तोवर संघपालच्या हातात कागद असेल. एवढा एक दिवस मला पुरतो.

ढोल सुरू झाला. उरलेलं नंतर लिहिते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मागच्या बोळीतून आधी पोरं आली, मग निळे झेंडे, मग आप्पा. पांढरा सदरा, गळ्यात निळा गमछा, संघपालनं घातलेला. उजवा हात पाठीमागे. बायका प्रत्येक दारात पाणी ओतत होत्या, फुलं उधळत होत्या, आणि आप्पा प्रत्येक दाराशी जरा थांबून हात जोडत होते. जोडून झाले की हात परत मागे.

मी तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभी होते. शेजारच्या दारात आप्पांनी हात जोडले, तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मग पुढे आले. ढोलाच्या आवाजात मला ते नीट ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. “मॅडम, हे तुमचं घर?”

“आबांचं,” मी म्हटलं. “आता माझं.”

त्यांनी हात पुढे आणला. अंगठा दुसऱ्या फेरीत करंगळीच्या मधल्या पेरावर होता, चौदावर. त्यांनी तो तिथून काढला, हात जोडले आणि म्हणाले, “कळलं.” पुढच्या दारापासून त्यांनी मोजणं सोडलं होतं, मी पाहिलं. टाकीपाशी ते मिरवणुकीतून बाहेर पडले. द्रौपदाअक्काचं दार यायला अजून दहा घरं होती.

ती आपल्या दारात निळं लुगडं नेसून उभी होती. पोरांच्या डोक्यावर फुलं टाकताना हसत होती. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

आत्ताच पोरं सांगत आली की गल्लीच्या तोंडचा ट्रक निघून गेला, शाळेच्या बाजूला. एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते, सात वाजता. मला सावद्याचाच रस्ता आहे.

साक्षी घाई करते आहे, बस चुकेल म्हणते. तू तिचा फोन आला तर उचल. आज उचल, उद्या उचल, आणि परवाही.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा सत्तावीस नंबरपुढचं वाक्य खोड. तिथे लिही, की उत्तर दिलं. खाली माझं नाव घाल, आबांच्या नावासकट: दीपमाला भिकन तायडे, प्राथमिक शिक्षिका. समितीला सांग, या बाईनं नाव बदलू नका म्हणून सांगितलंय.

अनेक उत्तम आशीर्वाद.

ताई